ज्यूसरकाका

सकाळी साडेसहाला एखाद्या बिल्डिंगमधून “अगं, जाळी कुठे ठेवलीस?” अशी आरोळी आली, की ओळखावं, इथे एक ज्यूसरकाका राहतात. खांदा कॉलनीत दर दोन-चार बिल्डिंगांमागे एक असतातच. ज्यूसर स्वतः फारसा आवाज करत नाही. ते खातं काकांकडे आहे.

ज्यूसरकाका बहुधा नुकतेच रिटायर झालेले असतात. नोकरीभर हार्बर लोकलला लोंबकळले. आता लोकल नाही, मस्टर नाही, हाताखाली शिपाई नाही. हुकूम सोडायचा कुणावर? काकू ऐकत नाहीत. ज्यूसर ऐकतो. बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, आणि मध्ये उलट उत्तर नाही.

ज्यूसर ‘कॉम्पॅक्ट’ आहे, हे ते पहिल्याच वाक्यात सांगतात. आहेही, खोक्यात असेपर्यंत. सिडकोच्या फ्लॅटमधला ओटा तो केवढा! त्यावर मोटर, भांडं, जाळी, मळसूत्री दांडा, फळ ढकलायचा दट्ट्या, रसाचा डबा, चोथ्याचा डबा आणि जाळी घासायचा ब्रश मांडला, की काकूंचं पोळपाट-लाटणं हॉलमधल्या दिवाणावर जातं.

“हा कोल्ड प्रेस, बरं का!” काका सांगतात. “तो जुना जाळीचा मिनिटाला हजारो फेरे घेतो, फळ किसून भिरकावतो. हा पन्नास-साठच फेरे घेतो. दाबून, पिळून, सावकाश!” हे सांगताना मूठ आवळून हवेतलं मोसंबं पिळून दाखवतात. गाजर अडकलं की मोटर कण्हते. मग काका चष्मा कपाळावर चढवून “रिव्हर्स घेतोय, रिव्हर्स!” असं ओरडतात. काकू सवयीने दोन पावलं मागे सरतात.

रस निघायला पाच मिनिटं. त्यानंतरची वीस मिनिटं जाळी धुण्याची. बारीक भोकांत चोथा असा चिकटून बसतो, की वाळला तर टाचणीने टोकरून काढावा लागतो. नेमक्या त्या वेळी काकांची खांदेश्वराच्या तळ्याकडे फिरायला जायची वेळ होते.

गिऱ्हाईक म्हणून कुणीही चालतं. मेंटेनन्सची पावती मागायला आलेला सेक्रेटरी, कुरिअरवाला, दार चुकलेला इस्त्रीवाला. “घ्या हो, घरचंच आहे,” म्हणत हातात हिरवा पेला येतो आणि तो रिकामा होईपर्यंत काका नजर हटवत नाहीत.

दुधीच्या बाबतीत मात्र ते कमालीचे काटेकोर. आधी दुधीची फोड स्वतः चाखतात. जराही कडू लागली तर अख्खा दुधी कचऱ्यात. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांचा अहवालही २०१२ साली छापून आला आहे. रस काढण्याआधी चाखून बघा, त्यात दुसरा कुठला रस मिसळू नका, असा त्यांचा सल्ला. काका तो तंतोतंत पाळतात. त्यामुळे पाहुण्याच्या दुधीत लिंबाचा थेंबसुद्धा पडत नाही.

काकांना कोड्यात टाकणारा प्रश्न एकच. तो दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने विचारला, “काका, यात उसाचा रस निघतो?” काका गप्प. इवल्याशा ज्यूसरला ऊस कसा पेलणार? त्याला चरकच हवा. सासवडजवळच्या बोपगावच्या कानिफनाथाचं नाव लावून गावोगाव थाटलेल्या रसवंत्या घुंगरांच्या तालावर आलं-लिंबू घालून रस देतात, आणि तिथे पेला हातात धरून कुणी जीवनसत्त्वं मोजत नाही. “त्यात नुसती साखर असते,” एवढं बोलून काकांनी विषय बदलला.

तरीही काकांच्या घरी माणसांची रीघ असते आणि ती आपल्या रसाची पुण्याई, असं काकांना मनापासून वाटतं. खरी गोष्ट वेगळी आहे. गाजर-बिटाच्या चोथ्यात काकू भाजणी मिसळतात, कांदा, कोथिंबीर, ओवा घालतात आणि तव्यावर थालीपीठ थापून मधोमध बोटाने भोक पाडतात. वर लोण्याचा गोळा. तो खमंग वास जिन्यात उतरला की माणसं वर चढतात. रस नाक दाबून घ्यायचा, कारण थालीपीठ त्याच्यामागून येतं.

परवा पुण्याहून मुलीचा फोन आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या सूचना काढल्यात, म्हणाली. रस पिण्यापेक्षा अख्खं फळ खा, असं त्यात आहे. “बाबा, तंतू सगळे चोथ्यात राहतात!” काकांनी फोन ठेवला, येरझाऱ्या घातल्या आणि एकदम हाक मारली, “अगं, उद्यापासून गाजरं दुप्पट आणतो. आपल्याला चोथा कमी पडतोय!”

“मग गाजर नुसतं किसूनच घालते की,” काकू म्हणाल्या. “घरात किसणी आहे.”

काकांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “किसणीला वॉरंटी आहे का?”