बापाची माफी, पोराची थकबाकी

रांजणगावच्या एका शेतकरी घरात दोन कर्जे असतात. बापाचे पीककर्ज आणि पोराचे शिक्षणकर्ज. बापाने तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर त्याला व्याज शून्य टक्के. पोराच्या कर्जाला दहा टक्क्यांच्या आसपास. घर एक, सातबारा एक, चूल एक.

यातले माफ करायला पुढाऱ्यांनी कोणते निवडले? शून्य टक्क्याचे.

शेतकऱ्याला दिलासा नको, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. कांदा मातीमोल विकणाऱ्याला विचारा. प्रश्न वेगळा आहे. त्याच शेतकऱ्याने पोराला शिकवायला काढलेले कर्ज कोणाच्याच डोळ्यांत का भरत नाही?

2008 मध्ये केंद्राची शेती कर्जमाफी झाली. 2017 मध्ये राज्याची, दीड लाखांपर्यंत. 2019 च्या अखेरीस पुन्हा राज्याची, दोन लाखांपर्यंत. प्रत्येक वेळी याद्या लागल्या, फोटो निघाले, श्रेयावरून भांडणे झाली.

शिक्षणकर्जाच्या वाट्याला काय आले? फेब्रुवारी 2014 चा हंगामी अर्थसंकल्प. 31 मार्च 2009 पूर्वी घेतलेल्या शिक्षणकर्जाचे थकलेले व्याज सरकार भरेल, असे पी. चिदंबरम यांनी जाहीर केले. सुमारे 2,600 कोटी रुपये, नऊ लाख विद्यार्थी. लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती.

पुढची दहा वर्षे दिल्लीत कोणाला या माफीची आठवण झाली नाही. मग निवडणूक आली.

2024 च्या लोकसभेला काँग्रेसने जाहीरनाम्यात लिहिले की 15 मार्च 2024 रोजी थकीत असलेली सगळी शैक्षणिक कर्जे, व्याजासकट, एकदाच माफ करू आणि बँकांना सरकार भरपाई देईल. वचन एवढे मोठे, तर रांजणगावात त्याची चर्चा किती झाली? शिरूर मतदारसंघाचा प्रचार कांद्याच्या निर्यातबंदीवर तापला. शेजारचा दौंड तालुका बारामती मतदारसंघात, तिथे सारे लक्ष पवारांच्या घरातल्या लढतीकडे. दोन्हीकडे काँग्रेसच्या आघाडीचे उमेदवार निवडून आले, अमोल कोल्हे आणि सुप्रिया सुळे.

शिक्षणकर्जावर कोणी मत मागितले नाही आणि कोणी दिलेही नाही.

कारण उघड आहे. शेतकरी तीस वर्षे एका गावात, एका सोसायटीत, एका साखर कारखान्याचा सभासद असतो. त्याच्या थकबाकीला चेअरमन असतो, संचालक असतो, मोर्चा असतो. कर्ज काढून शिकलेला पोरगा आज वाघोलीच्या वसतिगृहात, उद्या चाकणला, परवा बंगळूरला. मतदार यादीत नाव गावात, खोली खराडीत चौघांत वाटून. मतदानाला सुटी मिळेल की नाही, हे ठेकेदार ठरवतो. त्याची ना सोसायटी, ना संघटना. आणि कर्ज थकल्याची लाज एवढी की तो शेजाऱ्यालाही सांगत नाही.

लाजणाऱ्या माणसाची मतपेढी होत नाही.

आता खरी गोम. न दिलेली शिक्षणकर्जमाफी एक वेळ परवडली. पण बापाला दिलेले माफीचे आश्वासन पोराच्या मुळावर येते, ते कसे ते पाहा.

नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेच्या प्रचारात महायुतीने शेती कर्जमाफीचे वचन दिले, आघाडीनेही दिले. बापाने विचार केला, माफ होणारच आहे तर भरायचे कशाला? त्याचा हिशेब चुकीचा कसा म्हणणार? मार्च 2025 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी सांगितले की 31 मार्चच्या आत पैसे भरा, तूर्त परिस्थिती नाही. मग ऑक्टोबरमध्ये कर्जमाफीसाठी शेतकरी नेते बच्चू कडूंचे नागपूरला आंदोलन झाले आणि 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ, असा शब्द सरकारने दिला. या दीड वर्षात बाप थकबाकीदार झाला. शून्य टक्क्याची सवलत गेली. बँकेतली पत मोजणारा सिबिलचा आकडा पडला.

आणि पोराचा इंजिनिअरिंगला नंबर लागला.

बँकेच्या खिडकीवर आता फाइल येते. प्रवेशाचे पत्र, फीचा तक्ता, दहावी-बारावीची गुणपत्रके, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बापाचे पॅनकार्ड. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हा नियम सगळ्यांना पाठ. पण आई-बाप सहकर्जदार लागतात. साहेब बापाचा पॅन नंबर टाकतो, पडद्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘आधी सोसायटीचा बेबाकी दाखला आणा.’

दीड वर्ष माफीची वाट पाहिलेला माणूस हा दाखला आठ दिवसांत कुठून आणणार?

मे 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी बँकांना बजावले की पीककर्जाला सिबिल मागू नका. चांगले केले. तोच दम शिक्षणकर्जाला का नाही? केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्येच सांगितले आहे की विद्यार्थ्याचा सिबिल कमी आहे एवढ्यावरून शिक्षणकर्ज नाकारता येणार नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला केंद्राच्या हमी निधीचे 75 टक्क्यांचे कवच आहे. तरी बापाच्या थकबाकीवर पोराला परत पाठवायचे?

कर्ज मिळाले तरी सुटका नाही. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख घेतले आणि दहा टक्के सरळव्याज धरले, तर शिक्षण आणि नंतरचे एक वर्ष संपेपर्यंत व्याजच 1 लाख 40 हजार होते. झाले 5 लाख 40 हजार. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता साधारण 7,100 रुपये. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला 10,000 मिळतात.

उरले 2,900. यात जेवण, खोलीचे भाडे आणि एसटी.

पुणे-नगर रस्त्याने एकदा डोळे उघडे ठेवून या. वाघोलीत खासगी कॉलेजांची रांग, पुढे सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावला कारखान्यांची. रस्त्याच्या त्या टोकाला फी घेतात, या टोकाला पगार देतात. फी दरवर्षी वाढते. पगार ठेकेदाराच्या हातून येतो, ‘ट्रेनी’ या नावाने, आणि करार संपला की गेटपासही जातो. फुल्यांच्या आणि कर्मवीरांच्या महाराष्ट्रात ही रांग उभी राहिली ती 1983 नंतरच्या विनाअनुदानित धोरणातून. फी सरकारने मोकळी सोडली, मग बँका आल्या, मग कर्जे आली. माफीवर बोलणाऱ्या किती पुढाऱ्यांना फीवर बोलता येते? अनेकांच्या स्वतःच्याच संस्था आहेत.

म्हणून सरसकट माफीला माझा विरोध आहे. आज सगळे माफ केले, तर उद्या जूनमध्ये तोच फीचा तक्ता आणि तेच नवे कर्ज. शिवाय ज्या बापाने दोन गुंठे विकून फी भरली, त्याला यातून काय? त्याने बँकेकडून घेतले नाही, जमिनीकडून घेतले. त्याचे नाव कुठल्याच यादीत येणार नाही.

उद्योगपतींची माफ केली, मग पोरांची का नाही, हा सभेतला टाळ्यांचा प्रश्न. 2014-15 पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी 16 लाख 35 हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली, हे सरकारनेच संसदेत सांगितले. पण निर्लेखनानंतरही वसुलीचा हक्क राहतो, हेही खरे. त्यापेक्षा बोचणारी गोष्ट दुसरी आहे. स्टेट बँक ऑफ त्रावणकोरने केरळातली सुमारे 130 कोटींची थकलेली शिक्षणकर्जे रिलायन्सच्या वसुली कंपनीला निम्म्याहून कमी किमतीत विकली होती.

कंपनीला दिली ती सूट विद्यार्थ्यालाच का दिली नाही?

या विक्रीवर उसळलेल्या संतापानंतर केरळने 2017 मध्ये 900 कोटींची योजना आणली. चार लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या वर्षी हप्त्याचा 90 टक्के वाटा सरकारचा, मग 75, मग 50, मग 25. पोराची नोकरी जशी रुळते तसा सरकारचा हात सुटतो. फेडणारा फेडतच राहतो, लाजत नाही, थकत नाही. तमिळनाडूत द्रमुकने 2021 च्या निवडणुकीत शिक्षणकर्जमाफीचे वचन दिले होते. सत्ता आली, सरसकट माफी आली नाही. अमेरिकेत जो बायडेन यांनी 2022 मध्ये दहा ते वीस हजार डॉलरची माफी जाहीर केली. 30 जून 2023 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मोठी घोषणा कोर्टात पडते किंवा तिजोरीत अडते. हप्त्यातला वाटा खात्यात पोचतो.

आपल्याकडेही काही आहे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षण चालू असतानाचे आणि पुढच्या वर्षाचे व्याज केंद्र भरते. 2009 पासूनची योजना. वरच्या हिशेबातले 1 लाख 40 हजार त्यात सुटू शकतात. शिरूरच्या किती पालकांना ही योजना बँकेने आपणहून सांगितली? 2024 ची पीएम विद्यालक्ष्मी ही शिक्षणकर्जाची योजना निवडक संस्थांपुरती आहे. आपला पोरगा ज्या कॉलेजात जातो ते त्या यादीत असेलच असे नाही.

तेव्हा राज्याच्या शेती कर्जमाफीच्या आदेशात एक कलम हवे. माफीची वाट पाहताना थकलेल्या बापाच्या पोराचे शिक्षणकर्ज त्या थकबाकीपायी अडवायचे नाही, आणि पहिली चार वर्षे हप्त्यात राज्याचा वाटा राहील. माफीसाठी सरकार जून महिन्याचे नाव घेते. कॉलेजचे प्रवेश जुलैत सुरू होतात आणि बँकेच्या नोंदीतून थकबाकी पुसली जायला त्यानंतर महिने लागतात. हे कलम तुमच्या जाहीरनाम्यात कुठल्या पानावर आहे, हे शिरूर-दौंडमध्ये मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला भर सभेत विचारा, आणि पान दाखवेपर्यंत माइक सोडू नका.