गुरुवारवाले भाऊ

भाऊंच्या घरच्या कालनिर्णयवर दर चौथा गुरुवार लाल पेनाने गोल केलेला दिसला, की शेजारपाजारचे लोक उपासतापास समजतात. २७ नोव्हेंबर २०२५ ला तर मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार होता, म्हणजे शंकेला जागाच नाही. भाऊंचं व्रत मात्र वेगळं असतं. धावपट्ट्या, फ्रिक्वेन्सी, उतरण्याचे मार्ग यांतले बदल जगभर दर २८ दिवसांनी एका ठरलेल्या गुरुवारी लागू होतात. आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्या वेळी विमानातला डेटाबेस ताजा आहे की शिळा, हे पाहणारा माणूस म्हणजे भाऊ. असा माणूस वैमानिक शिकतात त्या बारामतीत असतो, गोंदियाच्या बिरसीत असतो आणि अमरावतीच्या बेलोऱ्यालाही त्याच्याविना चालणार नाही. एअर इंडियाने बेलोऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था काढायचं जाहीर केलं, ३१ पायपर आणि ३ डायमंड अशी ३४ विमानं मागवली, वर्षाला १८० वैमानिक घडवायचा बेत आखला. वऱ्हाडात चर्चा आहे ती सगळी वैमानिकांची. माझं म्हणणं एवढंच, की आधी भाऊ शोधा. आणि ते किरकिरे नसतील तर नोकरीवर घेऊ नका.

कारण या कामातलं दुखणं आभाळात क्वचितच असतं, ते बहुधा नखाएवढ्या कार्डात असतं. गार्मिन जी-१००० या विमानातल्या यंत्रणेत वैमानिकासमोर दोन पडदे, आणि प्रत्येकाला कार्डासाठी दोन खाचा. एका पडद्यात नवी आवृत्ती भरली आणि दुसऱ्यात राहून गेली, की डेटाबेस जुळत नसल्याचा इशारा झळकतो आणि दोन्ही पडदे वाटणीनंतरच्या सख्ख्या भावांसारखे एकमेकांशी बोलणं टाकतात. एकावर आखलेला मार्ग दुसऱ्याच्या गावीही नसतो. नवखा माणूस इथे थेट लाखामोलाचा पडदा खोलायला निघतो. भाऊ आधी विचारतात, "दोन्हीकडं टाकलं का बे?" मग कार्ड उजेडात धरून त्याच्या कडेची इवलीशी कळ नखाने चाचपतात, ती लॉकवर सरकलेली असली, की कॉम्प्युटर कार्डावर काहीच लिहीत नाही. डोंगर आणि टॉवर यांची माहिती असलेलं खालच्या खाचेतलं कार्ड जागेवर आहे ना? (ते कोणीतरी 'सांभाळून' ड्रॉवरमध्ये ठेवलेलं असतं.) हे कार्ड याच विमानाचं ना? कारण डेटाचा परवाना एकेका विमानाच्या यंत्रणेला बांधलेला असतो, आणि ३४ विमानं उभी असली की कार्डांची अदलाबदल ठरलेलीच. एवढं झाल्यावर भाऊ यंत्र सुरू करून पहिल्या पानावरच्या तारखा मोठ्याने वाचतात आणि मगच एंटर दाबतात. तेच बटण बाकीची मंडळी गप्पा मारता मारता दाबून मोकळी होतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की धावपट्टी काय पळून जाते? ती पळत नाही, पण तिचा नंबर बदलतो. तो होकायंत्राच्या दिशेवरून पडतो आणि पृथ्वीचं चुंबकीय उत्तर टोक सरकत राहतं. अमेरिकेत टॅम्पाच्या विमानतळावर जानेवारी २०११ मध्ये याच कारणाने १८ चा १९ करून धावपट्टी पुन्हा रंगवावी लागली. दुसरा आक्षेप वजनदार आहे: शिकणाऱ्या पोराने पडद्यात न बघता खिडकीबाहेर बघावं. अगदी खरं, हिवाळ्यातल्या निरभ्र सकाळी रेल्वेचे रूळ धरूनही बडनेऱ्याहून अकोला गाठता येईल. पण शिळी तारीख बघूनही एंटर दाबायची सवय बेलोऱ्यात लागली, तर ती पुढे दीडशे प्रवासी घेऊन पावसाळी ढगांत जाते. राहिला वायरलेसचा मुद्दा. डेटा आता कार्डाविनाही विमानात पोचतो, हे कबूल. पण पोचवणं वेगळं आणि पोचलेलं वाचणं वेगळं. भाऊंचा खरा त्रास घरच्यांना होतो. बिस्किटाचा पुडा ते तारीख बघितल्याशिवाय फोडत नाहीत आणि पाहुण्यांसमोरही तीच तऱ्हा. या त्रासाचा भत्ता माझ्या मते विमानविद्येने घरच्यांना द्यायला हवा.

भाऊंचा दुसरा गुण म्हणजे घोषणांवर त्यांचा अजिबात विश्वास नसतो. बेलोऱ्याच्या विमानतळाचं उद्घाटन बुधवारी, १६ एप्रिल २०२५ ला झालं, मुंबईहून एटीआर विमान आलं, भाषणं झाली. नव्या आवृत्तीचा दिवस दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला होता, हे लक्षात ठेवणारी जमात हीच. असा बदल लागू होण्याच्या ४२ दिवस आधी छापील माहिती निघावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे; भाऊ मानतात ते तेवढंच. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी १९४३ ची. तिच्या लांबीचा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं घुटमळत राहिला, पण निवडणूक आली की ती चहाच्या टपरीवर सरसर वाढते. "भाऊ, यंदा शिवणीची पट्टी वाढतेच म्हणे," असं कोणी म्हटलं, की भाऊ बशीत चहा ओततात आणि म्हणतात, "वाढन ना बापा. पन डेटाबेसात किती हाय, थे पाय आंधी."