तीनशे एकची वर्णी

दिलेली संख्या दिलेल्या क्रमिकेत आहे का, हा बीजगणितातला प्रश्न मुळात रांगेचा आहे. रांगेत असल्याचा दावा करणाऱ्याला एकच विचारायचे: नंबर कितवा? ‘सतरावा’ म्हणाला तर ठीक. ‘इथेच होतो की मघापासून’ म्हणाला तर तो घुसलेला आहे.

दहावीच्या गणितातले ठरलेले उदाहरण असे: ५, ११, १७, २३, ... या अंकगणिती श्रेढीत ३०१ ही संख्या आहे का? पहिले पद ५, सामान्य फरक ६. पहिल्या पदापासून जितकी पावले टाकली त्याहून पदाचा क्रमांक एकने जास्त असतो. (हा ‘एक’ विसरण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे गुण गेले आहेत.) ३०१ मधून ५ गेले, राहिले २९६, त्यांना ६ ने भागले, ४९ पूर्णांक एक तृतीयांश आले, त्यात एक मिळवला. म्हणजे ३०१ हे श्रेढीतले पन्नास पूर्णांक एक तृतीयांशावे पद झाले. भागाकार संपला म्हणून इथे अर्धा वर्ग पेनाला टोपण लावतो. खरे उत्तर, म्हणजे ‘नाही’, लिहायचे राहूनच जाते. पन्नासावे पद २९९, एक्कावन्नावे ३०५. ३०१ त्या दोघांमधल्या बोळात उभे आहे.

मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागू नये. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचा एवढा संसार मांडलेली ही भाषा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा पाठ करून घेत. माणूस दीडशहाणा असतो, मुहूर्त साडेतीन असतात. पण ‘दीडावा’ हा शब्द मराठीत नाही. साडेतीन शक्तिपीठांत वणीचे पीठ अर्धे मानतात, तरी ओळीने मोजताना ते चौथेच. ‘साडेतीनावे’ कोणी म्हणत नाही. किती, याचे उत्तर अपूर्णांकात चालते. कितवा, याचे चालत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) श्रेढीव्यवहार आहे. त्यात पहिल्या पदाला आदि, फरकाला चय आणि पदसंख्येला गच्छ म्हटले आहे. एक राजा शत्रूचे हत्ती पळवायला निघतो. पहिल्या दिवशी दोन योजने जातो, पुढे रोज ठरावीक चाल वाढवतो आणि सात दिवसांत ऐंशी योजने तोडतो. चय निघतो बावीस सप्तमांश योजने. वाढ अशी अपूर्णांकात निघाली म्हणून राजाचे काही अडले नाही. मुक्काम मात्र मोजून सात.

घाईच्या माणसासाठी आडवाट आहे. ५, ११, १७, २३ या सगळ्यांना ६ ने भागले की बाकी ५ उरते. ३०१ ची बाकी १. संपले, सूत्राची गरजच नाही. पण आडवाटेवर चकवाही असतो. –१३ मध्ये १८ मिळवले की ५ येतात, म्हणजे सहा-सहाची पावले नेमकी जुळतात, आणि सूत्राने क्रमांक येतो –२. पूर्णांक आहे, पण रांग सुरू होण्याच्या आधीचा. दुकान उघडण्यापूर्वी येऊन गेलेले गिऱ्हाईक रांगेत धरत नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी फरक समान असल्याची खात्री हवी, आणि ती चार पदे बघून येत नाही. अधिक महिना २०१२, २०१५ आणि २०१८ साली आला. जावयाच्या तेहेतीस अनारशांचा अंदाज ज्यांनी तीनच्या फरकाने बांधला, त्यांच्या हिशेबात पुढचे पद २०२१ होते. अधिक आश्विन आला २०२० मध्ये. बीजगणित चुकले नाही. ती श्रेढीच नव्हती. महिना चंद्र-सूर्याच्या हिशेबाने येतो आणि अनारशाचे तांदूळ त्याआधी भिजवावे लागतात.

क्रमिका बदलली की कसोटी बदलते. १, ३, ६, १०, १५, ... या त्रिकोणी संख्या. ओळीओळीने गोट्या रचत गेले की मिळतात त्या. इथे संख्येची आठपट करून एक मिळवायचा आणि पूर्ण वर्ग येतो का ते पाहायचे. श्रेढीच्या बेरजेवरून गच्छ काढण्याचा नियम आर्यभटाने ४९९ मध्ये ‘आर्यभटीया’त दिला आहे, त्यात आदि आणि चय दोन्ही १ धरले की हीच कसोटी हाती येते. ३०० ची आठपट अधिक एक २४०१, म्हणजे ४९ चा वर्ग. ३०० त्रिकोणी, चोविसावी. ३०१ इथेही एका गोटीने हुकले. वर्गसंख्यांत २८९ नंतर एकदम ३२४, तिथे जागा नाही. मूळसंख्यांत घेतले असते, पण सातने भाग जातो. फिबोनाचीच्या क्रमिकेत २३३ नंतर थेट ३७७.

एक यादी मात्र अशी आहे की तिथे सूत्र नाही, प्रत्येकाला स्वतः चालून बघावे लागते. संख्येच्या अंकांचे वर्ग करायचे, बेरीज घ्यायची, आलेल्या संख्येचे पुन्हा तेच करायचे. शेवटी १ आला तर ती आनंदी संख्या. नाही आला तर ४, १६, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २० आणि परत ४ या फेऱ्यातून सुटका नाही. श्रेढीत रीतसर जागा मिळालेले २९९ तिसऱ्याच पायरीला ५८ वर जाऊन या फेऱ्यात अडकते. शेजारचे ३०५ पाचव्या पायरीला ८९ वर. ३०१ चे ९ अधिक ० अधिक १, झाले १०. दहाचे १ अधिक ०, झाला १. आनंदी.