विजयराव, पुरलंत तेवढं पुरे!

प्रति,
श्री. विजय साळगावकर,
केबलवाले, थिएटरमालक आणि होतकरू चित्रपट निर्माते,
राज्य गोवा.

विषय : तिसऱ्या भागास नम्र हरकत.

महोदय,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, ‘दृश्यम’च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली आणि आम्हां प्रेक्षकांना तुमची काळजी वाटू लागली. तुमच्या अंगणापासून पोलीस ठाण्यापर्यंत गोव्याची बरीच जमीन एव्हाना खणून झाली आहे. आता कुदळ कुठे पडणार, हा प्रश्न तुम्हाला पडला नसला तरी आम्हाला पडला आहे.

आधीच सांगतो, या पत्रात तुमचं गुपित राजरोस फुटणार आहे. ज्यांना ते माहीत नाही त्यांनी पुढे वाचू नये. मात्र असा माणूस महाराष्ट्र-गोव्यात हुडकायचा तर सब-इन्स्पेक्टर गायतोंड्यांनाच कामाला लावावं लागेल, आणि त्यांची चौकशीची पद्धत तुमच्या घरच्यांना चांगलीच ठाऊक आहे.

मी समीक्षक नाही. दिग्दर्शकानं कॅमेरा कुठे लावला यापेक्षा मला सीट कोणती मिळाली याची चिंता जास्त. मध्यंतरापर्यंत भानगड उलगडली नाही तर पैसे वसूल, उलगडली तर सामोशाचेही पैसे वाया, इतकंच माझं चित्रपटविषयक तत्त्वज्ञान. तुम्हीही चौथी नापास. उरलेलं शिक्षण केबलच्या ऑफिसात रात्र-रात्र पिक्चर बघून पुरं केलेलं. तेव्हा हे एका पिक्चरवेड्याचं दुसऱ्याला पत्र आहे, असं समजावं.

पहिल्या भागात तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. पोलीस अधिकारी झालेल्या तब्बूचा पोरगा मेला २ ऑक्टोबरच्या रात्री. तुम्ही बायको-मुलींना घेऊन पणजीला निघालात ३ तारखेला. बसमध्ये बसलात, हॉटेलात उतरलात, पावभाजी खाल्लीत, सिनेमा पाहिलात. मग काही दिवसांनी त्याच मंडळींना पुन्हा जाऊन भेटलात आणि बोलता बोलता २ तारखेचा उल्लेख हळूच सोडून दिलात. संपलं काम. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हा कंडक्टर खोटं बोलला नाही, हॉटेलवाला खोटं बोलला नाही, थिएटरातला ऑपरेटरही नाही. तुम्हाला सगळ्यांनी खरोखरच पाहिलं होतं. तारीख तेवढी तुमची होती.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. ही युक्ती तुम्ही पोलिसांवर चालवलीत, ठीक. पण निर्मात्यांनी ती उचलली आणि आमच्यावर चालवली. पाहिलेलंच दृश्य पुन्हा दाखवायचं, तारीख नवी सांगायची, आणि आम्ही बाहेर पडून शपथेवर सांगायचं की हो, असलं काही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं! साक्षीदार आम्हीच आणि तिकिटाचा खर्चही आमचाच.

तुमच्याच घराण्याची वंशावळ काढू. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम ‘दृश्यम’ आला २०१३ मध्ये. त्यात मोहनलाल यांचा जॉर्जकुट्टी. २०१४ मध्ये कन्नडमध्ये रविचंद्रन आणि तेलुगूत वेंकटेश. २०१५ मध्ये तमिळमध्ये कमल हासन आणि त्याच वर्षी हिंदीत अजय देवगण यांच्या रूपानं तुम्ही. पुढे २०१७ मध्ये सिंहलीत आणि २०१९ मध्ये चिनीत. म्हणजे एक पोरगा सात भाषांत मेला आणि तितक्याच वेळा गडप झाला. चिनी अवतारात तर तुमच्या भाऊबंदानं शेवटी गुन्हा कबूल करून टाकला. कायद्याला चकवून मोकळा फिरणारा नायक तिकडे परवडत नसावा.

नक्कल करताना हात अजिबात फिरवला नाही, असं मी म्हणणार नाही. केरळातलं ख्रिस्ती कुटुंब गोव्यात येऊन साळगावकर झालं, तिकडचं ध्यानशिबिर इकडे स्वामीजींचा सत्संग झालं आणि २ ऑगस्टचा झाला २ ऑक्टोबर. या शेवटच्या बदलावर मात्र माझा जाहीर आक्षेप आहे. २ ऑगस्ट हा कुणाच्याच लक्षात न राहणारा दिवस. २ आणि ३ मध्ये कंडक्टरची गफलत झाली तर नवल नाही. पण गांधी जयंती? शाळा बंद, बँका बंद, कचेऱ्या बंद. सुट्टी नेमकी कोणत्या दिवशी होती, याबाबत आपल्या देशात कुणाची गफलत होते का हो? एखाद्या हवालदारानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असतं तर तुम्ही मध्यंतरालाच आत गेला असता. गंमत म्हणजे कथेला जी तारीख जड जायला हवी होती ती जाहिरातीला पावली. आता दर २ ऑक्टोबरला लोकांचे मोबाइल बापूंच्या जोडीनं तुमच्या सत्संगाचीही जयंती साजरी करतात.

हा पहिला भाग केला निशिकांत कामतांनी. रिमेकची दोन्ही टोकं त्या माणसानं पाहिली होती. २००५ मध्ये त्यांनी मराठीत ‘डोंबिवली फास्ट’ काढला. सरळमार्गी माधव आपटे रोजच्या लाचखोरीला आणि गर्दीला विटून एके दिवशी बिथरतो, ती गोष्ट. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच ती आर. माधवनला घेऊन तमिळमध्ये केली. आम्हां डोंबिवलीकरांच्या दृष्टीनं नुकसान व्हायचं ते झालंच, कारण शीर्षकातून गाडीच गेली. तरी माधव आपटेसारखा माणूस कुठल्याही शहरात बिथरू शकतो. तिथल्या प्रेक्षकाला आपली गर्दी आणि आपली लाचखोरी दिसली की भागतं. रहस्यपटाचं तसं नाही. त्याचं सगळं भांडवल शेवटच्या दहा मिनिटांत असतं, आणि ते एका माणसावर एकदाच खर्च करता येतं.

ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या ‘द माउसट्रॅप’चे प्रयोग लंडनमध्ये १९५२ मध्ये सुरू झाले. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. म्हणजे तिकीट काढणारा प्रत्येक जण कटात सामील. पोराचं प्रेत पोलीस ठाण्याच्या फरशीखाली आहे, हे कळल्यावर आम्हीही तुमच्या कटात असेच सामील झालो होतो. आम्ही तोंड बंद ठेवलं. निर्मात्यांनी मात्र दुसरा भाग काढला.

तो अनुभव सांगायलाच हवा. मल्याळम ‘दृश्यम २’ फेब्रुवारी २०२१ मध्ये थेट ओटीटीवर आला आणि घरोघरी सबटायटल लावून बघून झाला. हिंदी आला नोव्हेंबर २०२२ मध्ये. चित्रपटगृहात माझ्या मागच्या रांगेत एक काकू होत्या. पडद्यावर पोलीस ठाणं खणायला सुरुवात झाली, संगीत चढलं, मी खुर्चीच्या कडेला आलो, आणि काकू काकांना शांतपणे म्हणाल्या, “काही होत नाही. हाडं त्यानं कधीच बदललीत.” काका वैतागून म्हणाले, “मग आपण आलो कशाला?” काकू म्हणाल्या, “तब्बूचा चेहरा बघायला.”

विजयराव, रिमेकच्या बाजूनं इतका चोख युक्तिवाद मी अजून वाचलेला नाही. शेवट माहीत असूनही माणूस पोराला मुकलेल्या आईचा चेहरा बघायला येतो, तेव्हा त्याला रहस्याशी देणंघेणं नसतं. पण मग जाहिरातीत तसं लिहा. शेवट सांगू नका, म्हणून आम्हाला दटावू नका.

दुसऱ्या भागांची तर वेगळीच तऱ्हा. फाझिल यांच्या १९९३च्या ‘मणिचित्रताळु’वरून प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये ‘भूलभुलैया’ केला. भूत नाही, हा मनाचा आजार आहे, हे त्या कथेचं सारं मर्म. २०२२ मध्ये दुसरा भाग आला आणि त्यात खरंखुरं भूत निघालं! पहिल्या भागात डॉक्टरनं घसा कोरडा करून जे समजावलं त्यावर दुसऱ्यानं पाणी ओतलं, आणि गल्लाही भरला. आमच्या ‘सैराट’ला करमाळ्याहून उचलून उदयपूरला नेलं, त्याचा ‘धडक’ झाला. २०२५ मध्ये ‘धडक २’ आला, तर तो पहिल्याचा पुढचा भाग नव्हेच. तो निघाला ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ चित्रपटाचा रिमेक. रिमेकचा दुसरा भाग हा तिसऱ्याच चित्रपटाचा रिमेक, हे नातं जुळवायला आता तुमच्याच तोडीचा माणूस हवा.

अपवाद नाही असं नाही. १९७८च्या ‘डॉन’मध्ये खरा डॉन मरतो आणि तुमचा नामबंधू विजय त्याच्या जागी उभा राहतो, हे अवघ्या देशाला पाठ होतं. २००६ मध्ये फरहान अख्तर यांनी तोच खेळ मांडला. आम्ही जाणकारासारखे मागे रेलून बसलो, कारण पुढचं सगळं माहीत होतं. शेवटी कळलं की मेला तो विजय, आणि इतका वेळ आपण ज्याला विजय समजत होतो तोच डॉन. आमच्या आठवणीवरच सापळा लावला होता. पाहिलेलं पुन्हा दाखवून माणसाला चकवण्याची ही तुमचीच विद्या, पण इथे ती तिकीट काढणाऱ्याच्या कामी आली. रहस्यपटाचा रिमेक करायचा तर असा करावा. नाहीतर मूळ चित्रपट सबटायटल लावून पुन्हा थिएटरात आणावा. स्वस्तही पडेल.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. पुढच्या भागात काहीही खणू नये. गायतोंड्यांनी अंगण उकरलं, दुसऱ्या भागात ठाणं उकरलं. आता उरला जुवारी पूल, आणि त्यावरून लोकांची रोजची ये-जा आहे.

२. प्रत्येक भागाअखेर आपण हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं, असा खुलासा करू नये. पहिल्या भागात तुम्ही घाबरलेला बाप होता, रात्र जागून सुचेल तो मार्ग काढत होता. म्हणून आम्ही तुमच्या बाजूनं होतो. दुसऱ्यात तुम्ही इतके हुशार झालात की आम्हाला पोलिसांची दया आली.

३. दुसऱ्या भागात तुम्ही स्वतःच निर्माते व्हायला निघालात आणि पटकथा लेखकाशी शेवटावरून वाद घालत बसलात. तिथेच आम्हाला शंका आली होती. खुनाचं एक वेळ पचतं, पण माणसाला सीक्वेलची चटक लागली की कठीण.

४. आणि मुख्य मुद्दा. पहिल्या भागाच्या शेवटी तुम्ही त्या आईबापांची आडून माफी मागितलीत. दुसऱ्याच्या शेवटी त्यांच्या हाती पोराच्या अस्थी पोचवल्यात, त्यांनी त्या विसर्जित केल्या. आपल्याकडे अस्थी विसर्जनानंतर उरतं ते फक्त तेरावं, आणि तेराव्याला कुणी तिकीट लावत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक डोंबिवलीकर प्रेक्षक

ता. क. : एवढं करूनही सिनेमा आलाच, तर पहिल्या दिवशीच बघीन. दुसऱ्या दिवशी माझ्या मागे काकू बसलेल्या असायच्या.