कुकर फुटण्यापूर्वी वाचा

कुकर फुटायचाच असेल तर त्याला घाईने फुटू देऊ नये. आधी तयारी लागते. मुख्य म्हणजे बिल. हल्ली दुकानदार देतात त्या गुळगुळीत बिलावरची अक्षरं वर्षभरातच उडून जातात आणि कुकरची वॉरंटी असते पाच वर्षांची. म्हणून पहिली शिट्टी व्हायच्या आत बिलाची झेरॉक्स काढावी. खोका फेकू नये. माळ्यावर जागा नसेल तर आकाशकंदील टाकावा, खोका ठेवावा.

कायदा आपल्याच बाजूचा आहे, याबद्दल निश्चिंत असा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत कुणालाही धरायची सोय त्यात आहे. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करायची. वस्तू पाच लाखांच्या आतली असेल तर फी नाही, आणि वकील हवाच असंही नाही. तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रयत्न चालू आहेत. आयोगांवर माणसंच नेमलेली नाहीत, याची सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून दखल घ्यावी लागली होती, एवढंच.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी यातली कुठलीच तयारी केली नव्हती. एका सकाळी झाकण उडालं, काकूंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि ओट्यावरच्या फरशीला तडा गेला. हाताला मलम लावून त्यांनी कंपनीला फोन केला. हिंदी-इंग्रजीचे आकडे दाबून झाल्यावर एक गोड मुलगी आली.

"मॅडम, प्रॉडक्टचा सिरियल नंबर सांगता का?"

"तो झाकणावर आहे."

"मग झाकण बघून सांगा ना."

"झाकण एक्झॉस्टच्या भोकात अडकलंय, बाई."

"ओके मॅडम. झाकण मिळालं की कॉल करा. तुमचा दिवस आनंदात जावो."

यथावकाश झाकण मिळालं, पाठोपाठ कंपनीचा माणूसही आला. काकूंच्या हाताकडे त्याने पाहिलं नाही. त्याने गॅस्केट उपसलं, उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा उजळला. गॅस्केट ओरिजिनल नव्हतं! बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातलं, साठ रुपयांचं. वस्तूत फेरफार झाला असेल तर विकणाऱ्यावर दावा लागत नाही, हे कलम त्याला पाठ होतं; ते त्याने कंपनीलाही लावलं. ओरिजिनल गॅस्केट त्या दुकानात चार महिने का येत नव्हतं, याबद्दल मात्र कायद्यात काही नाही, असं तो म्हणाला. तेही त्याने नम्रपणे सांगितलं.

दंडाची भीती या मंडळींना नसते असं नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड ठोठावला होता. त्यांच्या साइटवरून दर्जाच्या नियमात न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर विकले गेले होते. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. भागाकार करून पाहा, कुकरमागे चव्वेचाळीस रुपये पडतात. काकूंचं गॅस्केट याहून महाग होतं.

शेवटी काकूंनी तक्रार दाखल केली. मुदत दोन वर्षांची असल्यामुळे तेवढं जमलं. म्हणणं मांडायला कंपनीला तीस दिवस मिळतात, वर फार तर पंधरा. कंपनीच्या वकिलांनी पंचेचाळिसाव्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या सुमारास, जाडजूड गठ्ठा आणून दिला. कुकर तापतो ही गोष्ट सर्वज्ञात आहे आणि सर्वज्ञात धोक्याची सूचना देण्याचं बंधन उत्पादकावर नाही, हा त्यातला पहिला मुद्दा. दुसरा, माहितीपुस्तिकेत फेसाळणारे पदार्थ काठोकाठ भरू नयेत असं पान अकरावर छापलं आहे. सबब तक्रारदाराने डाळ किती घातली होती?

काकूंनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की डाळ नव्हतीच, नुसता भात होता.

वकिलांनी मान डोलावली आणि पुढची तारीख मागितली. तांदूळ नवा होता की जुना, हे वाण्याच्या बिलासह सिद्ध करावं, असा त्यांचा अर्ज आहे.