दहा हजार, पण कुठले?

गाडीच्या पुस्तिकेत छापलंय: इंजिन ऑइल 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. छापणारा संध्याकाळी एलबीएस मार्गाने घाटकोपरहून मुलुंडला कधी गेला नसावा. इंजिन दीड तास घरघरतं, किलोमीटर पडतात जेमतेम दहा. अशा रखडपट्टीला तीच पुस्तिका मागच्या पानावर, बारीक टायपात, ‘खडतर वापर’ म्हणते आणि ऑइल लवकर बदलायला सांगते. मागचं पान वाचतो कोण? मेकॅनिक दांडी पुसतो, थेंब दोन बोटांत चोळतो, चेहरा पाडतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. चार पावसाळे झाले, आमचं तेच आहे. वायपरच्या टाकीत पाणी मात्र न चुकता भरतो.