बॅटरीला पाणी कोण घालणार?

तारा न पोचलेल्या पाड्यावर सौरवीज आली की फीत पॅनेलसमोर कापतात. फोटोही पॅनेलचाच. बॅटरी मागे, पेटीत. तिला हार कोण घालतो? पॅनेलची हमी २५ वर्षांची. शिशाची बॅटरी नीट सांभाळली तर पाचेक वर्षं जाते. आपण सांभाळतो कशी, ते पाहण्यासारखं आहे.

गास्ताँ प्लांतेने ही बॅटरी १८५९ साली केली. तिच्या मागण्या साध्या: निम्म्याहून जास्त उपसू नका, पुन्हा पुरती भरा, वेळेवर पाणी घाला. आपण ती चार दिव्यांच्या हिशेबाने घेतो आणि टीव्ही, पंखा, शिवाय सरपंचांच्या पुतण्याच्या वरातीचा स्पीकर तिच्यावर चालवतो. बॅटरी फार उतरू नये म्हणून कंट्रोलरने वीज तोडलीच, तर एखादा हुशार पोरगा त्याला वगळून थेट वायर जोडतो. गाव त्याला इंजिनिअर म्हणतं. इकडे अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट कडक होत जातं. पाणी आटतं, मग कुणी विहिरीचं घालतं, क्षारांसकट. कुणी जाणकार ॲसिडच ओततो. (आटतं ते पाणी, ॲसिड नव्हे, पण जाणकाराला सांगणार कोण?)

पावसाळ्यात आठवडाभर ऊन नाही की अंधार. ‘सोलर काही खरं नाही,’ असा निकाल लागतो. शिसं वजनावर घ्यायला भंगारवाला मात्र वेळेवर हजर. अख्ख्या योजनेत बॅटरीची किंमत कळलेला तो एकटाच.

साहेब, पुढच्या अंदाजपत्रकात एक पॅनेल कमी धरा; पण डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि ते घालणाऱ्याचा पगार धरा.